बुधवार सोडून

आमच्या ऑफिसात बातमी आधी डब्यातून येते, तोंडाने मागाहून. कुणाच्या पोराला नोकरी लागली की पेढे, कुणी दुचाकी घेतली की पेढे, पुतण्याने गावच्या मैदानात कुस्ती मारली की जिलेबी. आमच्या हेडक्लार्क अण्णांची गावाकडची म्हैस व्याली की दोन-तीन दिवसांत आमच्या टेबलावर खरवस. पेठेतला फुटबॉलचा संघ जिंकला की चार वाजता वडे येतात आणि हरला तरी येतात, कारण एकट्याने दुःख करत बसायची आमच्याकडे पद्धत नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात मी बावीस वर्षं काम करते आहे. या बावीस वर्षांत अशा एकाही डब्याला मी नाही म्हटलं नव्हतं. उलट वडे कुठल्या गाडीवरून आणायचे हे मलाच विचारलं जायचं. डब्यात शेवटचा लाडू उरला की तो बाईंचा, असा जणू नियमच होता, आणि खरं सांगते, मला तो मान वाटायचा.

त्या जानेवारीत हे सगळं बंद करायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ पेठ वडगावात असतो. शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांवर सूज यायला लागली. मोटारीसमोर उकिडवं बसून बसून येत असेल म्हणून त्याने ती अंगावर काढली, आणि डॉक्टरकडे गेला तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ कामातून गेलेल्या होत्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार तो एसटीने कोल्हापूरला यायचा, चार तास डायलिसिसच्या मशीनच्या नळ्या हाताला लावून पडायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. ऑफिस सुटल्यावर मी त्याला स्टँडवर गाठायची. पंपाची मोटार खांद्यावर टाकून शेताच्या बांधावरून चालत येणारा माझा भाऊ माझ्या हाताला धरून एसटीची पायरी चढायचा. किडनी द्यायची तर आईला साखर, वहिनीचा रक्तगट वेगळा. राहिले मी.

"मी देते," असं मी त्याला म्हणाले तेव्हा तो भडकला. "आक्का, तुला पोरंबाळं हायत. हे डोक्यातनं काढून टाक."

"तुला कुणी विचारलंय?" मी म्हणाले. "डॉक्टरांना विचारते."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि कागद समोर ठेवून म्हणाले, "किडनी चांगली आहे. रक्तगट जुळतोय. पण तुमचं वजन शहाऐंशी आहे आणि साखर काठावर आहे. या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुम्हाला पुढे पन्नास वर्षं नसली तरी तीस वर्षं तरी एका किडनीवर काढायची आहेत. पंच्याहत्तरच्या खाली या, मग पुढचं बघू. आणि उपाशी राहून नको. नीट जेवून, चालून, हळूहळू."

अकरा किलो. बाहेर बाकावर भाऊ बसला होता. त्याला मी आकडा सांगितला नाही, नुसतं म्हणाले, "थोडं वजन कमी करायचंय." तो माझ्याकडे बघून हसला. त्याला माझी आणि वड्यांची दोस्ती लहानपणापासून ठाऊक होती. त्या हसण्याचा मला इतका राग आला की स्टँडपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

घरी नवऱ्याने विषय एका वाक्यात संपवला. तुझा भाऊ आहे, तू ठरव, लागेल तिथे मी सही करतो, म्हणाला. ऑफिसात मात्र मी कुणाला काही सांगितलं नाही. आमच्याकडे सांगितलं की दहा जण दहा सल्ले देणार, त्यातले पाच जण रडणार आणि उरलेले पाच आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावणार. पण खरं कारण ते नव्हतंच. मला भीती वाटत होती. समजा नाही जमलं, तर? भावाला किडनी द्यायला निघालेली बाई वड्यापायी हरली, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. स्वतःच्या तर नाहीच.

घरचं सोपं होतं. सकाळी रंकाळ्याभोवती चालायचं, एक ज्वारीची भाकरी, भाजी, उसळ, ताक. नवरा आणि दोन्ही मुलं मुकाट्याने तेच खाऊ लागली. अडचण होती ती ऑफिसात, चार वाजता. चार वाजले की चहाबरोबर कागदी पुडकं सुटतं, तेलाचा वास खिडकीपर्यंत जातो आणि फायलीत घातलेलं डोकं आपोआप वर येतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "नको, डाएट चालू आहे." सगळं ऑफिस हसलं. दुसऱ्या दिवशीही हसलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मनावर घेतलं.

अण्णा मूळचे मुरगूडचे. आवाज असा की प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून बोलले तरी गेटवर ऐकू येतं. माणूस प्रेमळ, पण त्यांचं प्रेम दुसऱ्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय पुरं होत नाही. "बाई, एवढ्यानं काय हुतंय?" म्हणत ते वडा घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी नको म्हणाले. "निम्मा घ्या." नको. "मग नुसती चटणी तरी घ्या की!" मी पुन्हा नको म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "माझ्यावर राग हाय काय? काय चुकलं आसंल तर बोला तोंडावर." आता वडा नाकारण्यात राग कुठून आला? पण आमच्याकडे खाणं नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, हे मलाही ठाऊक होतं. मी स्वतः वीस वर्षं तेच करत आले होते. पथ्यावर असलेल्या किती जणांच्या तोंडात मी लाडू कोंबले असतील, देव जाणे. त्या दिवशी अण्णांचा चेहरा बघून मी निम्मा वडा खाल्ला. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

तरी महिनाभर मी तशीच लढले. कधी चार वाजता बँकेत काम काढायचं, कधी परीक्षा विभागात जाऊन बसायचं. तोंडात बडीशेप धरून ठेवायची. दोन किलो उतरले. मग एका सोमवारी गॅदरिंगच्या निमित्ताने सगळ्या स्टाफला मिसळ होती. पाव, फरसाण, कट, वर लिंबू. पळायला जागा नव्हती. अण्णा वाटी घेऊन आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, आज माझा सोमवार आहे."

अण्णांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी वाटी मागे घेतली. "आधी सांगायचं न्हाय व्हय? म्या उगंच पाप करत हुतो." एवढंच बोलून ते पुढच्या टेबलाकडे वळले. पुन्हा आग्रह नाही, रुसणं नाही, काही नाही. महिनाभर ज्या दारावर डोकं आपटत होते ते दार एका शब्दात उघडलं. तब्येतीसाठी नाही म्हटलं तर माणूस शिष्ट, देवासाठी नाही म्हटलं तर माणूस चांगला. ही युक्ती मला आधी का सुचली नाही याचंच मला नवल वाटलं.

मग मी सुटलेच. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शुक्रवार अंबाबाईचा, त्यावर कोल्हापुरात कोण बोट ठेवणार? शनिवार मारुतीचा. रविवारी ऑफिस बंद, त्यामुळे जोतिबाला त्रास द्यायची गरज पडली नाही. बुधवार तेवढा उघडा राहिला. बुधवारी मी विद्यापीठातली कामं घेऊन दुपारीच बाहेर पडायची. घरी देवासमोर निरांजन लावताना मला थोडी लाज वाटायची. पण मी मनात म्हणायची, भावासाठी चाललंय, तुम्ही समजून घ्या.

पंधरा दिवस सुखात गेले. मग अण्णांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटली आणि पेढे आले. मी हात जोडून म्हणाले, "आज गुरुवार."

"मग?" अण्णा म्हणाले. "पेढा उपासाला चालतोय की!"

बरोबर होतं. दुधाचा खवा आणि साखर, उपासाला न चालायला काय झालं? देवाच्या नावाने मी अडकले होते आणि देवाच्या नावानेच मला पेढा खावा लागला. एक नव्हे, दोन. मुलीच्या वडिलांच्या हातचा एक, आणि मुलीच्या नावाचा एक.

खरा घात मात्र आमच्या शिपाई मावशींनी केला. मावशी उचगावहून येतात. दिवसभर फायली घेऊन जिने चढतात-उतरतात, आणि कोण जेवलं, कोण नाही हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. त्या एका शुक्रवारी माझ्या टेबलाशी आल्या, पदराखालून स्टीलचा डबा काढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आठवड्याचं पाच उपास करताय. पोटात काय न्हाय, आन् कामं तर ढीगभर. चक्कर यिऊन पडशीला. घ्या, खिचडी आणलीया."

साबुदाण्याची खिचडी. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घातलेलं, बटाट्याच्या फोडी, वरून तूप, आणि डब्याच्या झाकणावर लिंबाची फोड. उपास करणाऱ्या बाईला फराळ घालण्यात पुण्य असतं आणि मावशी पहाटे उठून ते पुण्य करून आल्या होत्या. मी काय म्हणणार होते? की माझा उपास नाही? मी ती खिचडी खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, शेवटचा दाणा बोटाने पुसून खाल्ला.

मावशींचं बघून बाकीचे सरसावले. सोमवारी साबुदाणा वडे. मंगळवारी गुळातली रताळी. अण्णांनी माझ्या खणात राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवीच आणून ठेवली, "कवाबी भूक लागली की खावा." शनिवारी केळ्याचे वेफर. आधी मला दिवसातून एकदा वडा नाकारायचा होता. आता नाकारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, सगळंच उपासाचं होतं. आणि माझी जीभ फितूर. उपास धरला नसता तर इतकं खाल्लं नसतं, हे मला रोज दिसत होतं, आणि रोज मी म्हणत होते, उद्यापासून बघू.

मावशींनी एकदा विचारलं, "बाई, कुणासाठी चाललंय हे?"

"असंच," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. "नगा सांगू. नवस सांगायचा नसतोय."

मार्च संपताना डॉक्टरांकडे तपासणीला गेले. भाऊ आतल्या खोलीत मशीनला होता. काट्यावर उभी राहिले. जानेवारीत शहाऐंशी होते, आता साडेसत्त्याऐंशी. मी चपला काढून पुन्हा उभी राहिले. साडेसत्त्याऐंशी.

डॉक्टर काही रागावले नाहीत. त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, एक विचारतो. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. यात कमीपणा काही नाही. भीती सगळ्यांनाच वाटते. घरच्यांना काय सांगायचं याचीही काळजी करू नका. आम्ही सांगू की तुमची किडनी वैद्यकीय कारणाने घेता येत नाही. खरं कारण कुणालाच कळणार नाही."

त्यांनी चांगल्या मनानेच विचारलं होतं. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी, बायका त्यांच्यासमोर बसल्या असतील, ज्यांना नाही म्हणायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. त्यांनी मलाही त्यांच्यातच धरलं होतं. आणि का धरू नये? काट्याने तेच सांगितलं होतं. मी रोज मनात देते, देते म्हणत होते आणि माझं पोट रोज नाही म्हणत होतं.

"माझ्या मनात आहे," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मला आणखी वेळ द्या. एवढंच."

बाहेर आले. भावाच्या खोलीच्या दारातून आत बघितलं. तो डोळे मिटून पडला होता, हातातून रक्ताच्या दोन नळ्या मशीनकडे गेल्या होत्या. त्याला उठवलं नाही. मला संताप आला होता, आणि तो दुसऱ्या कुणावर काढायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. चार वाजता पुडकं सुटलं, आणि माझ्यासमोर मावशींचा डबा आला. मी झाकण न काढता उभी राहिले.

"सगळ्यांनी ऐका," मी म्हणाले. "माझा कुठलाही उपास नाही. कधीच नव्हता. मी दोन महिने तुमच्याशी खोटं बोलले. माझ्या भावाच्या किडन्या गेल्यात आणि मला त्याला माझी द्यायची आहे. वजन कमी झाल्याशिवाय डॉक्टर घेणार नाहीत. काल मोजलं तर ते वाढलंय. आता मला काही देऊ नका. मी मागितलं तरी देऊ नका."

अण्णांचा वडा हातातच राहिला. मग त्यांनी तो कागदावर ठेवला आणि विचारलं, "मग ती खिचडी कशापायी हाणली एवढं दिस?"

"तुम्ही दिलीत म्हणून."

"आता आमच्यावर ढकला!" अण्णा ओरडले. "भावाचं आसं हाय म्हणून पयल्या दिवशी सांगितलं आसतं तर कुणी तुमच्या टेबलाकडं फिरकलं तरी आसतं का? आमास्नी काय राक्षस समजलासा काय?" बोलता बोलता त्यांना बाहीने डोळे पुसावे लागले. त्यामुळे त्यांना आणखी राग आला आणि ते हात धुवायला निघून गेले.

मावशींनी डबा उचलून पदराखाली घेतला. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. म्हणाले, "मावशी, चुकलं माझं."

"त्याचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "पर म्याबी तुमच्यासंगं शुक्रवार धरलं हुतं. सहा झालं. तुमचा नवस हाय, कशाचा ते ठाव न्हाय, म्हटलं आपला बी हातभार."

मला जिन्यातच बसावंसं वाटलं. ही बाई दिवसभर पायावर उभी. मी तिची तुपातली खिचडी हादडत होते आणि ती माझ्या खोट्या नवसासाठी उपाशी राहत होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. "भावासाठीच हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग वाया न्हाय गेलं. आता तुम्ही खाऊ नगासा, उपास म्या बघतो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

पुढे आठवडाभर ऑफिसात डबाच आला नाही. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं. बरं वाटलं. मग एका दुपारी जुनी फाईल काढायला रेकॉर्ड रूमकडे गेले तर आतून कांदाभजीचा वास. दार ढकललं. कपाटांच्या मधल्या बोळकांडीत सगळा स्टाफ उभा, अण्णा मधोमध, हातात भज्यांचा कागद, आणि कुणीही आवाज करत नव्हतं. अण्णा कुजबुजत होते. अण्णांना कुजबुजता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमास्नी वास नगो म्हणून," अण्णा खाली बघत म्हणाले.

मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. पण मी म्हणाले, "बाहेर चला. आपल्या जागेवर बसून खावा. माझ्यासमोर. मी कुठवर पळणार? लग्नाला जाणार नाही? जत्रेला जाणार नाही? मला समोर बघून नको म्हणता आलं पाहिजे."

त्या दिवसापासून मी चार वाजता त्यांच्यातच बसू लागले. माझा डबा वेगळा. काकडी, फुटाणे, कधी मोड आलेली मटकी. समोर वडा. पहिले काही दिवस फार वाईट गेले. वड्याचं वरचं कुरकुरीत टोक कुणीतरी मोडायचं, वाफ निघायची, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. काही वेळा तर कुणी काय बोलतंय हेच मला ऐकू यायचं नाही, नुसता वडा दिसायचा. मग शनिवारी भावाला गाडीत चढवताना धरलेला त्याचा हात मी आठवायची. दंडाचं नुसतं कातडं उरलं होतं. फुटाणे चावायची. वीस मिनिटांत कागद रिकामा व्हायचा आणि मी जिंकलेली असायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात भारी असं काही नव्हतं. रोज वीस मिनिटं दात घट्ट धरायचे, एवढंच काम होतं.

अण्णांनी मात्र माझी राखण सुरू केली. बाहेरचं कुणी पेढे घेऊन आलं की ते लांबूनच ओरडायचे, "पावणं, त्या टेबलाकडं न्हाय! तिकडं बंदी हाय!" माझी मुलगी बारावीला चांगली पास झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे मीच पेढे नेले. बातमी ज्याची, त्याला पहिला पेढा भरवायचा ही आमची रीत. अण्णांनी सवयीने पेढा उचलला, माझ्या तोंडापाशी आणला, आणि सगळं ऑफिस एकदम "अण्णा!" म्हणून ओरडलं. अण्णांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं आणि तो स्वतःच्या तोंडात टाकला. "लेकीच्या नावानं," म्हणाले.

एप्रिलमध्ये चार किलो गेले. मे महिना लग्नांचा, त्यात दोनच. जूनमध्ये पाऊस लागला तसा रंकाळ्यावर जाता येईना, मग मी कॉलेजचे जिने चढू लागले. मावशी वरच्या मजल्यावरून मोजायच्या. जुलैत काटा जागचा हललाच नाही. तेव्हा मी घरी नवऱ्यावर उगीचच ओरडले आणि दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी कमी केली. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी दम दिला, भाकरी परत खायला लावली आणि चालणं वाढवलं. ऑगस्टमध्ये काटा पुन्हा उतरू लागला. ब्लाउज उसवून आत घ्यावे लागले. नातेवाईक विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना? भाऊ मात्र काही विचारायचा नाही. माझ्याशी बोलताना तो हल्ली रस्त्याकडे, एसटीच्या पाटीकडे, कुठेही बघायचा, माझ्याकडे सोडून.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी मी पुन्हा काट्यावर उभी राहिले. नर्सने आकडा वाचला. चौऱ्याहत्तर आणि वर थोडे ग्रॅम. साखर उतरली होती. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "मार्चमध्ये मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "तो मी मागे घेतो." त्यांनी पुढच्या तपासण्यांची यादी लिहून दिली. ती लांबलचक होती. त्यानंतर समितीसमोर जायचं, सह्या, परवानग्या. अजून पुष्कळ बाकी होतं. पण दार उघडलं होतं.

भावाचं डायलिसिस नुकतंच संपलं होतं. दंडाला पट्टी बांधून तो बाकावर बसला होता. मी समोर उभी राहिले आणि यादी त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली. मग कितीतरी महिन्यांनी त्याने मान वर करून मला नीट बघितलं, गळ्याची हाडं, सैल झालेला ब्लाउज, मनगटावर घसरणाऱ्या बांगड्या. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही न रडलेला माझा भाऊ सगळ्या लोकांसमोर तोंड हातात घेऊन रडायला लागला.

"लईच वाळलीस की गं आक्का," तो म्हणाला. "माझ्यापायी वाळलीस."

मला राग आला. सहा महिने गिळून धरलेलं सगळं त्या रागातून वर आलं. मी त्याचे हात तोंडावरून बाजूला केले.

"गप," मी म्हणाले. "मी बारीक झालेय. वाळलायस तू. आणि ते मी चालू देणार न्हाय."